मोखाड्याचा पाऊस, दिवाणखान्यातला समुद्र

मुंबईत कुणाच्या घरी निळ्या दिव्याखाली क्लाऊनफिश मिरवत असेल, तर त्या काचेतल्या समुद्राचं गोत्र थेट मोखाडा तालुक्यात निघू शकतं. मुंबईची तहान भागवणाऱ्या सात जलाशयांपैकी मध्य वैतरणाचं धरण मोखाड्यातल्या कोचाळे गावाजवळ आहे. उंची तब्बल १०२.४ मीटर! (मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. धरण उशाला, कोरड घशाला.)

समुद्री टाकीत गोड्या पाण्याचं काय काम, असं वाटेल. पण रोज लागतं ते गोडंच! वाफ होते पाण्याची, मीठ जागच्या जागी राहतं. १०० लिटरच्या टाकीवर पंखा फिरत असेल तर दिवसाला एखाद-दोन लिटर सहज उडून जातात. पातळी उतरली म्हणून नवशिका खारं पाणी ओततो आणि काही दिवसांत टाकीची लोणच्याची बरणी होते. त्यापेक्षा काचेवर मार्करने रेघ मारा आणि रेघेपर्यंत गोडं पाणी भरत राहा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते आरओ-डीआय फिल्टरमधूनच घ्यायचं. तांब्याच्या हंड्यातलं तर मुळीच नको. आपल्याला गुणकारी वाटणारं तांबं कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळाला विष आहे, तेही अगदी थोड्या प्रमाणात.

मिठाचा हिशेब लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साधारण साडेतीन किलो. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी मोठी पंगत असते. त्यासाठी समुद्री टाकीचं तयार मीठ मिळतं.

आता खरी गंमत. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि त्याचं जगभर नावाजलेलं टॉनिक म्हणजे चक्क चुन्याची निवळी! लिटरभर आरओ-डीआय पाण्यात अर्धा चहाचा चमचा शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळा, झाकण लावून ठेवा. गाळ तळाशी बसला की वरचं नितळ पाणी घ्या. भांडं उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून वर पांढरी साय धरते. ही निवळी टाकीत रात्रीच सोडतात, थेंबथेंब. दिवे मालवले की प्रवाळाच्या पेशींत राहणारं शेवाळ अन्न बनवणं थांबवतं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच घसरतो. निवळी तो सावरते. एकदम ओतलीत तर मात्र टाकीची वाट लागलीच समजा. आणि पानटपरीवरचा चुना टपरीवरच बरा.

टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडायची घाई नको. माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया पचवणारे जिवाणू जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर नुसते दगड बघत बसायचं. दगडही चुनखडीचे, सच्छिद्र हवेत, कारण जिवाणूंचा संसार त्या भोकांतच थाटतो. मोखाड्याशेजारच्या जव्हारच्या डोंगरातला काळा पत्थर दिसतो झकास, पण गच्च असतो.

पाण्याचं तापमान २५-२६ अंशांवर ठेवा. तिशीच्या वर गेलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शेवाळ हाकलून देतं आणि पांढरं पडतं. मुंबईत त्यासाठी चिलर लागतो. सुमारे ४५० मीटर उंचीवरच्या जव्हारला उलट थंडीच्या रात्री हीटरची गरज पडेल. पावसाळ्यात वीज गेली तर? बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू द्या. पाणी हललं नाही की मासे काही तासांतच गुदमरतात.

क्लाऊनफिशची दोन छोटी पिल्लं घ्या, जोडी जुळवायची चिंता नको. सगळे जन्मतात ते नर म्हणूनच. पुढे दोघांतला दांडगा मादी होतो! ती मेली तर नवरोबाच मादी बनतो.

आणि प्रवाळ? दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला. मालवणच्या समुद्रातून ‘शोभेचा’ तुकडा उचललात तरी तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा ठरतो. त्यामुळे सुरुवात मासे, कोळंबी आणि चुनखडीचे दगड एवढ्यावरच करा. क्लाऊनफिश घेतानाही समुद्रातून पकडलेला नको, टाकीत जन्मलेलाच मागा.