संकल्पांची यादी आणि तिचा हिशेब

वर्षप्रतिपदेच्या दिवशी, वाढदिवसाला किंवा नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभी संकल्प करण्याची प्रथा सर्वत्र आढळते. रोज पहाटे फिरावयास जावे, सूर्यनमस्कार घालावेत, वजन उतरवावे, पेटी शिकावी, वाचावयाचे राहून गेलेले ग्रंथ वाचून काढावेत, एखादा गड चढावा, अशी यादी मनात किंवा वहीच्या पहिल्या पानावर तयार होते. चैत्रात केलेली ही यादी आषाढ लागेपर्यंत बहुधा विस्मृतीत जाते. पुढील वर्षी तीच यादी पुन्हा लिहिली जाते आणि दर वर्षी तिच्यात एका अपूर्ण संकल्पाची भर पडते.

या अपयशाचे खापर मनोनिग्रहाच्या अभावावर फोडण्याची रीत आहे. पुष्कळ वेळा दोष यादीच्या रचनेतच असतो. शासनाची एखादी योजना ‘गावाचा विकास करावा’ एवढ्या एका वाक्यावर चालत नाही. तिला उद्दिष्ट लागते, मुदत लागते, मासिक प्रगती अहवाल लागतो आणि वर्षअखेरीस उद्दिष्ट व साध्य यांचा मेळ घालावा लागतो. विहिरी, शौचालये व वृक्षलागवड यांचा असा हिशेब नित्य ठेवणारी मंडळी स्वतःच्या शरीराच्या व आवडीच्या बाबतीत मात्र केवळ इच्छेवर विसंबून राहतात.

बैठ्या कामाची किंमत

प्रश्न केवळ हौसेचा नाही. १९५३ साली जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुमजली बसगाड्यांचे चालक दिवसभर आसनावर बसून असत, तर वाहक तिकिटे देण्यासाठी सतत जिना चढत-उतरत असत. दोघांची गाडी एक, मार्ग एक आणि पाळीही एकच. तरीही हृदयविकाराचे प्रमाण चालकांमध्ये अधिक आढळले. टपाल खात्यातही तोच प्रकार दिसून आला. पायी वा सायकलीवरून टपाल वाटणाऱ्यांपेक्षा मेजावर बसून काम करणाऱ्या कारकुनांना हृदयविकाराचा उपद्रव अधिक होता. शारीरिक हालचाल आणि हृदयविकार यांच्या संबंधाचा शास्त्रीय अभ्यास या पाहणीपासून खऱ्या अर्थाने सुरू झाला.

भारतातील स्थिती याहून गंभीर झाली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख एवढी अंदाजण्यात आली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करीत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. कचेरीतील अधिकारी, शाळेतील शिक्षक व सभांमध्ये दिवस घालविणारे पंचायत सदस्य यांचा या निम्म्यांत समावेश होण्याचा संभव मोठा आहे.

आवश्यक हालचाल म्हणजे किती, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिले आहे. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी आणणारे व्यायाम करावेत. भरभर चालणे हा मध्यम श्रमाचा व्यायाम होय. रोज अर्धा तास याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस चालल्यास १५० मिनिटे भरतात. यादीतील पहिल्या ओळीला असा आकडा मिळाला की तिचे स्वरूप पालटते.

फ्रँकलिनची वही

वैयक्तिक उद्दिष्टांची यादी पद्धतशीरपणे राबविण्याचे एक जुने व प्रसिद्ध उदाहरण बेंजामिन फ्रँकलिन यांचे आहे. अमेरिकेतील हे मुद्रक, शास्त्रज्ञ व मुत्सद्दी १७०६ साली जन्मले. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या अंगी बाणवावयाच्या तेरा गुणांची यादी केली आणि तिची हकीकत आत्मचरित्रात लिहून ठेवली. सर्व गुण एकदम साधावयास गेले तर एकही साधणार नाही, हे ओळखून त्यांनी दर आठवड्यास एकाच गुणाकडे विशेष लक्ष देण्याचे ठरविले. तेरा आठवड्यांत एक आवर्तन, म्हणजे वर्षातून चार आवर्तने. गुणांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला होता. खाण्यापिण्यातील संयम प्रथम ठेवला, कारण डोके शांत व सावध राहिले की पुढील गुण संपादन करणे सुलभ होते.

त्यांच्या लहानशा वहीत प्रत्येक गुणासाठी एक पान होते. सात वारांचे सात उभे रकाने व तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी आखलेल्या असत. ज्या दिवशी चूक घडे त्या चौकोनात काळा ठिपका पडे. यशाची नव्हे, तर चुकीची नोंद करण्याची ही पद्धत होती. व्यवस्थितपणाचा गुण आपल्याला अखेरपर्यंत पुरता साधला नाही, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. मात्र या प्रयत्नामुळे आपण पूर्वीपेक्षा अधिक चांगले व सुखी झालो, असाही त्यांचा निर्वाळा आहे. यादी शंभर टक्के पूर्ण झाली नाही म्हणजे ती वाया गेली असे नव्हे, हा या वहीचा बोध आहे.

औंधचा दाखला

महाराष्ट्रात नित्य व्यायाम आणि छंद या दोहोंची सांगड घालणाऱ्या व्यक्तींत औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. सूर्यनमस्कार त्यांनी स्वतःच्या दिनचर्येत आणले, संस्थानच्या शाळांत सुरू केले आणि लेखन व प्रात्यक्षिके यांच्या द्वारा त्यांचा सर्वत्र प्रसार केला. त्यांच्या पद्धतीची माहिती देणारे इंग्रजी पुस्तक १९३८ साली प्रसिद्ध झाले. राज्यकारभार पाहत असतानाच ते चित्रे काढीत, कीर्तने करीत व कलावस्तूंचा संग्रह करीत. त्या संग्रहातून उभे राहिलेले औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय आजही पाहावयास मिळते.

सूर्यनमस्काराच्या प्रसाराचे रहस्य त्याच्या सोपेपणात आहे. त्याला साहित्य लागत नाही, जागा चटईएवढी पुरते, आणि मुख्य म्हणजे त्याची मोजदाद करता येते. आज बारा, पुढील पंधरवड्यात पंधरा, असा चढता क्रम ठेवता येतो. मोजता येणारी गोष्टच वहीत उतरते. मात्र गुडघे, पाठ, रक्तदाब वा हृदय यांचा विकार असणाऱ्यांनी, तसेच दीर्घकाळ बैठे जीवन घालविलेल्या मध्यमवयीनांनी वैद्यकीय सल्ला घेऊनच प्रारंभ करावा आणि संख्या सावकाश वाढवावी.

यादी कशी लिहावी

उद्दिष्ट जितके निश्चित तितके काम अधिक होते, असा सिद्धान्त मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ साली मांडला. ‘जमेल तेवढे करीन’ या निश्चयापेक्षा निश्चित व काहीसे कठीण उद्दिष्ट अधिक फलदायी ठरते, असे त्यांना आढळले. पुढे पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ साली दाखवून दिले की, ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक गोष्ट करीन’ असे आधीच ठरविणाऱ्यांच्या हातून संकल्प पार पडण्याचा संभव वाढतो. या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन एखाद्या ग्रामसेवकाने वा शिक्षकाने वर्षाची यादी केल्यास ती पुढीलप्रमाणे होऊ शकेल :

(१) सोमवार ते शुक्रवार, सकाळी ६ वाजता, घरापासून पाणंद रस्त्याने अर्धा तास भरभर चालणे.

(२) बुधवार व शनिवार, स्नानापूर्वी १२ सूर्यनमस्कार. दर महिन्यास ३ ची वाढ.

(३) दिवाळीनंतरच्या सुटीत अकोले तालुक्यातील कळसूबाई (उंची १,६४६ मीटर) हे राज्यातील सर्वोच्च शिखर चढणे.

(४) रात्री जेवणानंतर १० पाने वाचन.

(५) रविवारी सकाळी एक तास पेटीचा अभ्यास.

या यादीत पाचच बाबी आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रोजच्या १० पानांनी वर्षात ३,६५० पाने होतात. म्हणजे मध्यम आकाराचे बारा-पंधरा ग्रंथ सहज वाचून होतात. तिसरी बाब पहिल्या दोहोंवर अवलंबून आहे. सहा महिने चालण्याचा सराव असेल तर शिखर गाठता येते. सराव नसता एका दिवसाच्या उत्साहाने ते गाठण्याचा प्रयत्न करणे धोक्याचे होय. अशा रीतीने मोठे उद्दिष्ट दैनंदिन बाबींच्या आधारावर उभे करावे.

खंड पडला तर

पावसाची झड, लग्नसराई, निवडणुकीचे काम, परीक्षा, लेखापरीक्षण व मार्चअखेर ही नियमात खंड पाडणारी नेहमीची कारणे होत. दोन दिवस चुकले की ‘आता नियम मोडलाच’ असे मानून यादी सोडून दिली जाते. लंडनमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास किती दिवस लागतात, हे पाहिले. मध्यमान ६६ दिवसांचे निघाले. परंतु कोणास १८ दिवस, तर कोणास २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रियेला विशेष बाधा येत नाही, असेही त्यात आढळले. म्हणून एकवीस दिवसांत सवय लागलीच पाहिजे ही प्रचलित समजूत बाजूला ठेवावी, आणि खंडाचा दिवस वहीत कोरा सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रारंभ करावा.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. आकड्यांचा दबाव वाढला की आकडेच फुगविले जातात, हा कोणत्याही कार्यालयास अपरिचित नसलेला अनुभव आहे. स्वतःच्या वहीत तसे केल्यास फसवणूक कोणा वरिष्ठाची होत नाही. कोरा चौकोन प्रामाणिकपणे कोरा राहिला, तरच तीन महिन्यांनी पाने उलटताना कोणता वार, कोणता महिना, कोणते काम आड येते, हे कळते आणि वेळ बदलता येते.

छंदाचे माप निराळे

व्यायामाला लावलेले माप छंदाला जसेच्या तसे लावू नये. पक्षिनिरीक्षणाचा छंद असेल, तर किती पक्षी पाहिले यापेक्षा किती वेळा पाणवठ्यावर जाऊन बसलो, याची नोंद अधिक उपयोगी असते. तारीख, वेळ, जागा व पक्ष्याचे वर्तन एवढी चार टिपणे ठेवली, तर काही वर्षांत त्या गावच्या ऋतुमानाचा एक छोटा दस्तऐवजच तयार होतो. शिक्षकाने ही वही वर्गात ठेवली, तर मुलेही तीत भर घालतात. पेटी शिकणाऱ्याने रागांची संख्या मोजण्यापेक्षा रियाजाचा वेळ मोजावा. छंद हा विसावा आहे. तो आणखी एक लक्ष्यांक होऊन बसला, तर मूळ हेतूच नाहीसा होतो.

श्रमणाऱ्यांची यादी

सर्वांची यादी एकसारखी असू शकत नाही. दिवसभर नांगरणी, खुरपणी वा ऊसतोडणी करणाऱ्याला सकाळच्या फेरफटक्याचा उपदेश करणे अप्रस्तुत ठरेल. त्याच्या यादीत पाठीला व सांध्यांना आराम देणारे ताण, पुरेशी झोप, व्यसनमुक्ती आणि मनाला रिझविणारे भजन वा वाचन यांना अग्रस्थान हवे.

स्त्रियांचा प्रश्न याहून वेगळा आहे. वर उल्लेखिलेल्या २०२२ च्या अंदाजात अपुरी हालचाल करणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. ‘घरकामातच बायकांचा व्यायाम होतो’ ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. चुलीपुढे वा ओट्यापुढे तासन्‌तास उभे राहण्याने थकवा येतो. हृदयाला व स्नायूंना हवा तो व्यायाम मात्र घडतोच असे नाही. शिवाय सकाळचा जो अर्धा तास पुरुष फिरण्यासाठी काढतो, तो अर्धा तास घरातील कोणीतरी पाणी भरून व डबा करून त्याला मिळवून दिलेला असतो. म्हणून कुटुंबात यादी करावयाची झाल्यास प्रथम वेळेची वाटणी करावी. गृहिणीचा अर्धा तास ठरला म्हणजे त्या वेळेचे काम कोणी करावयाचे, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे.

पंचायत व शाळा यांचा वाटा

यादी व्यक्तीची असली, तरी ती पार पडण्यास गावाचे साहाय्य लागते. पहाटे व सायंकाळी निर्धास्तपणे चालता येईल असा दिवाबत्तीचा रस्ता, शाळेचे मैदान सुटल्यानंतर ग्रामस्थांना खुले ठेवण्याची व्यवस्था, स्त्रियांसाठी राखून ठेवलेली वेळ, बंद पडलेल्या तालमीची वा खुल्या व्यायामशाळेतील मोडक्या साहित्याची दुरुस्ती या गोष्टींना मोठा खर्च नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ अन्वये मान्यता पावलेली ग्रंथालये अनेक गावांत आहेत. कामावरून परतणाऱ्यास सोयीच्या वेळी ती उघडी असतील, तर वाचनाचा संकल्प गावातल्या गावात पूर्ण होतो. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हे विषय अवश्य यावेत.

सोबतीचे महत्त्वही कमी नाही. दोघांनी मिळून चालावयाचे ठरविले, तर एकाच्या आळसावर दुसऱ्याची हाक उपाय ठरते. शाळेतील शिक्षकवर्ग, पंचायत समितीचे कर्मचारी किंवा बचत गटातील सदस्या यांनी दर तिमाहीस एकत्र बसून आपापल्या वह्या पाहाव्यात. त्या वेळी स्पर्धा लावू नये, बक्षिसेही ठेवू नयेत. ज्या बाबी साधल्या त्या पुढे चालू ठेवाव्यात, ज्या वेळेअभावी राहिल्या त्यांची वेळ बदलावी आणि ज्यांची मनापासून इच्छाच नाही त्या बिनदिक्कत खोडाव्यात. वर्षानुवर्षे नुसत्या लिहिल्या जाणाऱ्या दहा संकल्पांपेक्षा वहीत नित्य नोंद होणारे दोन संकल्प शरीराला व मनाला अधिक हितकर ठरतात. त्यांचा प्रारंभ करण्यास नव्या वर्षाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक आखलेले पान आणि उद्या सकाळची निश्चित वेळ एवढ्यावर तो होऊ शकतो.