डोंगराचा रकाना

मार्चअखेर जवळ आली की नाशिकच्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते : गौण खनिजाची वसुली उद्दिष्टाच्या इतके टक्के. कोणता तालुका पुढे, कोणता मागे, कुठल्या तहसीलदारांना कानपिचक्या मिळाल्या. ही बातमी मी वर्षानुवर्षं कापून ठेवत आलो. यंदा सगळी कात्रणं एका बैठकीत वाचली. रुपये प्रत्येकात होते. त्या वर्षी किती दगड निघाला आणि कुठल्या डोंगरातून निघाला, हे एकाही कात्रणात नव्हतं.

वसुलीच्या रकान्यात परवानगी घेऊन काढलेल्या दगड-मुरमाचं स्वामित्वधन येतं, वाळूच्या लिलावाचे पैसे येतात आणि चोरून काढलेल्या खनिजाचा दंडही येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 (7) प्रमाणे हा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो. म्हणजे चोरी पकडली की वसुली वाढते. आणि एखाद्या वर्षी चोरी खरोखरच थांबली, तर कागदावर त्या तालुक्याचं काम घसरलेलं दिसतं. मला हे फार खुपतं. ज्या तलाठ्यानं आपल्या सजात एकही टिपर चोरून भरू दिला नाही, त्याच्या खात्यावर त्या वर्षी काहीच जमा होत नाही.

खरं तर या कामाची परीक्षा घेणं अवघड नाही. ब्रास म्हणजे 100 घनफूट. एक हेक्टर जागा 10 मीटर खोल खणली तर एक लाख घनमीटर दगड निघतो, साधारण 35 हजार ब्रास. 600 रुपये ब्रासनं स्वामित्वधन होतं 2 कोटी 12 लाख रुपये. खड्डा ईटीएस या मोजणीयंत्रानं मोजायचा, त्याच्याशेजारी त्या खाणपट्ट्याची चलनं ठेवायची. दोन आकड्यांतलं अंतर हाच त्या वर्षाचा निकाल. नाशिकजवळच्या सारूळच्या खाणींच्या मोजणीवरून एवढा गदारोळ झाला तो याच अंतरासाठी.

मागच्या दीड दशकात नियम कमी झाले नाहीत. 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणलं. 2013 मध्ये राज्याचे गौण खनिज नियम आले. वाहतुकीचे परवाने संगणकावर गेले, गाड्यांना जीपीएस आलं, स्वामित्वधनाचा दर 400 वरून 600 झाला. कागद सुधारला, हे मान्य करायलाच हवं. जागेवर जाणारा माणूस मात्र तोच राहिला : मंडळ अधिकारी, तलाठी, आणि रात्री नाक्यावर उभा राहणारा कोतवाल. या जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला 25 जानेवारी 2011 रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. प्रकरण खनिजाचं नव्हतं, पण रात्री टिपर अडवणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ते आजही आठवतं. उद्दिष्टाच्या टक्केवारीत रात्री जागेवर जाणाऱ्या माणसाच्या जिवाच्या धास्तीचा हिशेब धरला जात नाही.

या काळातलं सर्वांत मोठं वर्ष माझ्या लेखी 2021. त्या वर्षी वसुली किती झाली हे मला आठवत नाही. आठवतो तो ब्रह्मगिरी. गोदावरीच्या उगमाचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी पोकलेन चाललेले. संतोषा आणि भागडी या टेकड्यांच्या बाजूला सुरुंगांचे आवाज. ग्रामस्थ आणि पर्यावरणप्रेमी उभे राहिले, आरडाओरड झाली, तेव्हा जिल्हा प्रशासनानं टास्क फोर्स नेमला. डोंगर आधी लोकांनी पाहिला, खात्यानं नंतर. त्या वर्षाच्या मूल्यमापनात ही एक ओळ जरी कोणी लिहिली असती, तरी पुढच्या वर्षांचं काम वेगळं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि जागेवरची खरी स्थिती लिहून ठेवायची ही शिस्त इथल्या मातीला नवी नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. राज्याच्या अठराव्या वर्षी त्यानं गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवून भिक्षूंना दोनशे निवर्तनांचं शेत दिलं. त्याच्याच खाली चोविसाव्या वर्षाचा लेख आहे : ते शेत कोणी कसत नाही, ते गाव वसलेलं नाही, म्हणून नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या जमिनीतून शंभर निवर्तनं द्यावीत. सहा वर्षांनी जागेवरची हकीकत दरबारात पोचली होती, आणि दिलेलं दान नुसतं कागदावरच राहिलं हे दगडावर कबूल केलं गेलं.

वाळूकडे वळलं की धोरणांचीच दमछाक दिसते. 1 मे 2023 रोजी श्रीरामपूर तालुक्यात नायगावला पहिला शासकीय डेपो सुरू झाला, वाळू 600 रुपये ब्रास. एप्रिल 2025 मध्ये डेपो गुंडाळून पुन्हा लिलाव आले. गिरणेकाठच्या माणसानं या दोन वर्षांत काय समजायचं? घरकुलाला पाच ब्रास मोफत ठेवली, हे मात्र चांगलं झालं. मग मे 2025 मध्ये एम-सँडचं धोरण आलं : नदीऐवजी दगड दळून वाळू करा, आणि ठरावीक क्रशरांना स्वामित्वधन 600 ऐवजी 200 रुपये. नदीला उसंत मिळावी हा हेतू मला पटतो. पण दळायचा दगड डोंगरातूनच येणार. समोर 2027 चा सिंहस्थ आहे, रस्ते आणि घाट व्हायचे आहेत. या सवलतीच्या दगडातून आधीइतकीच रक्कम आणायची म्हटली तर तिप्पट दगड फोडावा लागेल. रुपयांचं उद्दिष्ट तसंच ठेवलं, तर आपण खात्याला नेमकं काय करायला सांगतो आहोत, हे कोणीतरी बैठकीत मोठ्यानं विचारायला हवं.

उलट बाजूही आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत शेतकरी धरणांतला गाळ स्वामित्वधन न भरता नेतात. धरणात पाणी साठायला जागा होते, खडकाळ वावरात माती पडते. जिल्ह्याच्या भल्याचं इतकं सरळ उत्खनन दुसरं नसेल. वसुलीच्या रकान्यात त्याची किंमत शून्य.

मागच्या पावसाळ्यानंतर एका खाणीजवळच्या वाडीत गेलो होतो. खाण बंद, तळाला हिरवं पाणी, काठाला कुंपण नाही. तिथल्या एका आजींनी घरात नेऊन भिंत दाखवली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग तिरपी वर गेलेली, आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतरानं कोळशाच्या आडव्या रेघा. सुरुंग उडाला की भेग जिथवर पोचली तिथं आजी रेघ मारायच्या. "ही पोळ्याची," त्या बोट ठेवून सांगू लागल्या, "ही दिवाळीची. ही नात झाली त्या दिवसाची." शेवटची रेघ आढ्याच्या वीतभर खाली होती.

मी विचारलं, हे कोणी बघून लिहून नेलं का?

"गाड्या मोजायला आले होते बाबा," त्या म्हणाल्या, "घरात नाही आले."