बाळाच्या पोटातील अदृश्य सोबती

तान्हे बाळ रडले की ते भुकेले आहे, हे घरातील आजीला न सांगता कळते. मात्र त्या बाळाबरोबर आणखी कोणाचे पोषण होत असते, हे विज्ञानाला उमगण्यास बराच काळ जावा लागला.

मातेच्या दुधात दुग्धशर्करा व स्निग्धांश यांच्या खालोखाल वाटा असतो तो काही विशिष्ट शर्करांचा. त्यांचे प्रकार शंभराहून अधिक आहेत आणि नवल असे की, बाळाला त्या जवळजवळ पचतच नाहीत. मग त्या कशासाठी? त्या आतड्यातील बायफिडोबॅक्टेरियम या हितकारक जिवाणूंचे अन्न आहेत. हे जिवाणू त्यांपासून आम्ले तयार करतात आणि मग अनेक रोगजंतूंना तेथे थारा मिळणे कठीण होते.

बाळ वरचे अन्न खाऊ लागले की ही जिवाणूसृष्टी बदलत जाते व पहिल्या काही वर्षांत प्रौढांसारखी होते. तीव्र कुपोषित बालकांमध्ये मात्र ती अपरिपक्वच राहते आणि नेहमीच्या उपचारांनंतरही पुरती सावरत नाही, असे आढळले आहे.

ढाक्याचे डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेतील सेंट लुईसचे डॉ. जेफ्री गॉर्डन यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. ढाक्यातील मीरपूर येथे १२ ते १८ महिन्यांच्या १२३ कुपोषित बालकांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला प्रचलित पूरक आहार, तर दुसऱ्याला हरभरा, शेंगदाणे, सोयाबीन व कच्ची केळी यांपासून बनविलेला, जिवाणूंना पोसणारा आहार तीन महिने दिला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या आहारात उष्मांक कमी होते. तरीही उंचीच्या मानाने वजन वाढण्याचा वेग त्याच गटात अधिक होता. केवळ उष्मांकांचा हिशेब पुरेसा नाही, हे त्यातून दिसून आले.

हा आहार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेला होता. कुपोषित बालकास डॉक्टरांकडेच न्यावे. परंतु त्यातील बोध प्रत्येक घरासाठी आहे. जन्मानंतर तासाभरात स्तनपान, पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, त्यात पाणी वा मधाचे बोटही नको. पुढे दोन वर्षे वा अधिक काळ स्तनपानासोबत विविध प्रकारचे वरचे अन्न. आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रतिजैविके मुळीच नकोत. एवढे पथ्य पाळले तर बाळासोबत त्याच्या या सोबत्यांचेही संगोपन होईल.