डोकं फुटेल असं दुखलं, पण सीटी नॉर्मल!

आजचा भाग माझ्या दाजींमुळे सुचला. ते चाकणला प्रेस शॉपमध्ये आहेत. सेकंड शिफ्टला एकाएकी डोकं असं ठणकलं की काम सोडून खालीच बसले. मग उलट्या. कंपनीच्या दवाखान्यात मायग्रेन म्हणून इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. पहाटे ताईला म्हणाले, "अगं, दोन-दोन बल्ब का दिसतायत?" डावी पापणी खाली आली होती.

हॉस्पिटलात सीटी काढला, मेंदूत रक्तस्राव नाही. मान आखडलेली, म्हणून मेंदूज्वराचा संशय आला. शेवटी एमआरआयमध्ये दिसलं, पीयूषिका ग्रंथीत, म्हणजे पिट्युइटरीत, रक्तस्राव झाला होता. याला पिट्युइटरी अपोप्लेक्सी म्हणतात. साध्या सीटीत ती सुटू शकते.

ही ग्रंथी वाटाण्याएवढी. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली. तिच्या अगदी वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात आणि बुबुळं, पापण्या हलवणाऱ्या नसा बाजूने जातात. ग्रंथी फुगली की दाब तिथेच येतो. म्हणून भयंकर डोकेदुखीसोबत दोन-दोन दिसणं, पापणी पडणं किंवा बाजूचं दिसेनासं होणं, असं काही असेल तर "पिट्युइटरी पाहिली का?" हे बिनधास्त विचारा.

पण खरा धोका डोळ्यांचा नाही. ग्रंथी बंद पडली की कॉर्टिसॉल तयार व्हायचा हुकूमच सुटत नाही. सोडियम घसरतं, सलाईन लावूनही बीपी वर येत नाही, माणूस जाऊ शकतो. अशा वेळी रक्ताचा नमुना घेऊन हायड्रोकॉर्टिसोन लगेच देतात, बहुधा १०० मिलिग्रॅम. रिपोर्टची वाट पाहत नाहीत.

बहुतेकांना ग्रंथीत साधी गाठ आधीपासून असते आणि पत्ताच नसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मोठं ऑपरेशन, क्वचित डेंग्यूत घसरलेल्या प्लेटलेट्स, एवढं निमित्त पुरतं. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला तर गाठ नसतानाही ग्रंथी मरते. शीहान यांनी १९३७ मध्ये ते मांडलं. आणि आपल्या मावळ-खेडच्या भातखाचरांतली घोणस? तिच्या विषानेही हेच होतं. १९८७ मध्ये बर्मातल्या रुग्णांवर 'लॅन्सेट'मध्ये लेख आला होता.

दाजी आता कामावर जातात. गोळी रोज, कायमची. ताप आला की डोस दुप्पट, उलट्या झाल्या की थेट इंजेक्शन. ताईने तशी चिठ्ठी त्यांच्या गेटपासच्या मागे सरकवून ठेवली आहे.