मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व मनाची धास्ती

मोतीबिंदू काढावयाचा ठरला म्हणजे घरांतील वडील मंडळी ‘आतां या वयांत कशाला?’ असें म्हणूं लागतात. हें वैराग्य नव्हे, धास्ती होय. त्यांनीं लहानपणीं पाहिलेलें असतें डोळ्यांवर पट्टी बांधून कित्येक दिवस निश्चल पडून राहणें आणि पुढें जन्मभर जाड भिंगांचा चष्मा.

तो काळ गेला. १९४९ सालीं लंडन येथें हॅरॉल्ड रिड्ली यांनीं डोळ्यांत कृत्रिम भिंग प्रथम बसविलें. १९६७ सालीं अमेरिकेंत चार्ल्स केलमन यांनीं सूक्ष्म ध्वनिकंपनांनीं मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची रीत आणिली. आज बहुधा थेंबांनींच डोळा बधिर करितात. छेद दोनतीन मिलिमीटरांचा असतो आणि रोगी त्याच दिवशीं घरीं येतो. पापणी मिटेल ही भीति नको. ती चापानें उघडी धरलेली असते. डोळ्यास बहुधा प्रकाश व रंगच दिसतात. खोकला येतोसें वाटल्यास आधीं सांगावें.

‘कांहीं होत नाहीं’ असें म्हणून वडिलांस गप्प करूं नये. धोका थोडा असला तरी असतो. तो डॉक्टरांस त्यांच्यासमक्षच विचारावा. आदल्या रात्रीं शेजारीं बसून सारा क्रम समजावून सांगावा, आणि दाराबाहेर कोण बसणार तेंही सांगून ठेवावें.