कच्च्या लिंबालाही काम द्या



या पानावर आम्ही एरवी बेणे प्रक्रिया, हुमणी, खोडव्याची निगा असले विषय घेतो. या खेपेस विषय पोरांच्या खेळाचा आहे, आणि तोही कॉम्प्युटर-मोबाईलवरच्या. ऊस विकास खात्याला ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही दहिवडी, गोंदवले, म्हसवड आणि खाली आटपाडीच्या बाजूला वस्त्यावस्त्यांवर फिरतो, आणि हल्ली बहुतेक ओसऱ्यांवर एकच चित्र दिसते. थोरला मोबाईलवर खेळतोय, धाकटा त्याच्या खांद्यावरून मान घालून बघतोय. धाकट्याने हात पुढे केला की "तुला नाही कळत, गप बस." तो भोकाड पसरतो. मग घरातले कोणीतरी त्याच्या हातात दुसरा मोबाईल देते आणि दोन भाऊ दोन कोपऱ्यांत जाऊन बसतात.

मोबाईल वाईट म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, तो आता घरात आलेला आहे. आम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच. या खेळांत एक जात अशी आहे की ती एकट्याने खेळताच येत नाही. दोघांनी मिळून कोडे सोडवायचे. रात्रीची लाईट आली की आपण पाणी कसे पाजतो? एक जण मोटारीपाशी, एक जण दारं मोडायला. मोटारीवरच्याला सरी दिसत नाही, सरीवरच्याला स्टार्टर दिसत नाही. हाळी दिल्याशिवाय पाळी उरकत नाही. हे खेळ नेमके तसेच असतात.

साधे उदाहरण 'फायरबॉय अँड वॉटरगर्ल' या खेळाचे. २००९ साली निघालेला, फुकट मिळणारा, घरात जुना कॉम्प्युटर आणि नेट असले की पुरे. आगीचा मुलगा आणि पाण्याची मुलगी एका देवळात शिरतात. मुलाला पाणी चालत नाही, मुलीला आग चालत नाही, आणि हिरवा चिखल दोघांनाही चालत नाही. एक जण बटणावर उभा राहिला तर दुसऱ्याची वाट उघडते. दोघेही आपापल्या दारापाशी पोचले तरच पुढचा टप्पा. एकाच कीबोर्डवर एकाने बाणांच्या कळा वापरायच्या, दुसऱ्याने डावीकडच्या. म्हणजे दोघांना खांद्याला खांदा लावून बसावेच लागते.

आता अडचण अशी की असले खेळ बहुधा आठ-दहा वर्षांच्या पुढच्या पोरांना जमतात. पाच वर्षांचे पोर बसवले की ते दर वेळी चिखलात पडते, टप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि दहा मिनिटांत थोरल्याचा संयम संपतो.

यावर आपल्याकडे जुना तोडगा आहे. लंगडी असो की आट्यापाट्या, धाकट्याला 'कच्चा लिंबू' करायचे. तो खेळात आहे, पण बाद होत नाही. परदेशी कंपन्यांनीही हेच केले. निन्टेन्डोच्या २००७ च्या 'सुपर मारिओ गॅलक्सी'त दुसऱ्या गड्याने पडद्यावर नुसती खूण फिरवायची, चांदण्या गोळा करायच्या, शत्रूला जरा धरून ठेवायचे. मरायची भीती नाही. २०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी'त दुसऱ्याला मारिओची टोपी चालवता येते. पोरं खूष होतात, हे खरे.

पण कच्च्या लिंबूचे दुखणे आपण सगळ्यांनी लहानपणी भोगले आहे. थोड्या वेळाने त्याला कळतेच की आपण असलो काय, नसलो काय, डाव तसाच चालणार. तो मग उठून जातो. म्हणून आमचे मत असे की धाकट्याचे काम सोपे असावे, पण ते त्याच्यावाचून अडले पाहिजे. सरीच्या टोकाला उभे राहून "पाणी आलं!" म्हणून ओरडणारे सहा वर्षांचे पोर आठवा. काम सोपे, पण ते ओरडले नाही तर पाणी शेजाऱ्याच्या रानात.

वरच्याच खेळात हे करता येते. बटणावर उभे राहायचे काम कायम धाकट्याचे. तेही जड गेले तर मुलीच्या तीन कळांपैकी उडीची कळ तेवढी त्याची, डाव्या-उजव्या कळा आईच्या. आई म्हणणार "आता!" आणि तो दाबणार. पडद्यावर घड्याळ असते, तिकडे बघायचेच नाही. एकच टप्पा आठवडाभर खेळला तरी बिघडत नाही, लहान पोराला तेच तेच आवडते. खेळाच्या बाजूला जाहिराती येतात, त्यांवर बोट पडणार नाही एवढे मोठ्याने पाहावे.

वयाचे मात्र भान हवे. साधारण चार वर्षांच्या आतल्या पोराला 'मला दिसते ते समोरच्याला दिसत नाही' हे नीट उमगत नाही. फोनवर आजीला "हे बघ" म्हणून बोट दाखवणारे पोर घरोघर असते, ते याचमुळे. म्हणून एकाला अर्धे आणि दुसऱ्याला अर्धे दिसणारे खेळ त्याच्यापुढे ठेवू नयेत. शेजारी बसून एकाच पडद्यावर खेळायचे ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यापुढे बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, कमी असेल तर उत्तमच. दोघांच्या खेळांत 'इट टेक्स टू' या २०२१ च्या खेळाचा फार गवगवा झाला. पण तो घटस्फोटाच्या काठावरच्या आईबापांचा आहे, धाकट्यांसाठी नव्हे.

एकाच यंत्रावर अनेक पोरे बसवायचा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. २००७ साली रायगडात कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' ही योजना भारतात पहिल्यांदा करून पाहिली गेली. त्या लॅपटॉपवर जोड्या लावायचा खेळ दोघातिघांना एकमेकांशी जोडून खेळता येई. पण गावोगावच्या शाळांत एवढी यंत्रे कुठून आणायची? त्याच सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्राने ग्रामीण सरकारी शाळांत एका कॉम्प्युटरला अनेक माऊस जोडून पाहिले, प्रत्येकाची खूण वेगळ्या रंगाची. जो आधी दाबेल त्याचे उत्तर धरायचे ठेवले, तेव्हा मुलगे विशेषतः विचार न करता दाबत सुटले आणि शिकणे मागे पडले. सगळ्यांचे एकमत झाल्यावरच पुढे जायचे ठेवले, तेव्हा एकेकट्याला यंत्र दिल्याइतकेच शिकणे झाले. एका शेअरवाल्याचे आणि शंभर शेअरवाल्याचे मत आपल्या सर्वसाधारण सभेत एकच का, हे आपल्याला कोणी समजावायला नको.

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी पुठ्ठा घ्यावा. २०१५ सालचा 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स' असा एक खेळ आहे: एकाला फक्त बॉम्ब दिसतो, दुसऱ्याच्या हातात फक्त तो निकामी करायचे पुस्तक, आणि घड्याळ पळत असते. पाचसहा वर्षांच्या पोरांसाठी त्यातला बॉम्ब काढा, घड्याळ काढा, इंग्रजी अक्षरे काढा. पुठ्ठ्यावर सहा सऱ्या आखा. प्रत्येकीच्या तोंडाशी एक चित्र काढा: बैल, विळा, मोळी, चिमणी, घागर, चाक. हा पुठ्ठा आणि सहा खडे धाकट्याकडे. थोरल्याकडे वेगळा कागद, कोणत्या सऱ्यांना आज पाणी द्यायचे त्याचा. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचे. थोरल्याने चित्राचे नाव घ्यायचे नाही, वर्णन करायचे: "याला शिंगं आहेत", "ही डोक्यावर नेतात". धाकट्याने ओळखून खडा ठेवायचा. शेवटी दोन्ही कागद ताडून बघायचे. दोन दिवसांनी कागद धाकट्याच्या हातात द्या आणि वर्णन त्याला करू द्या. तिथे खरी गंमत आहे. "ते गोल असतं" एवढ्यावर थोरला घागर समजतो, आणि धाकटा तिकडून ओरडतो, "अरे, गाडीचं!"

आखलेला पुठ्ठा गट ऑफिसात भिंतीला लावून ठेवला आहे. नोंदीला येणाऱ्यांनी त्यावरून उतरवून घ्यावा. चित्रे आम्हीच काढली आहेत, त्यामुळे बैल आणि घोडा यांत फारसा फरक दिसणार नाही. त्याखाली नाव लिहून ठेवले आहे.