शेवटच्या पायरीवरून

सुरतेचे नाव १९९४ साली प्लेगमुळे जगभर बदनाम झाले. पुढच्याच वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून रस्त्यावर आणले, आणि अल्पावधीतच देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना होऊ लागली. नगरी तीच, माणसे तीच. शिस्त तेवढी निराळी. तापीतीरी हे आठवताना आम्हांस गोव्याच्या एका फुटबॉल संघाची गोष्ट सांगावीशी वाटते.

डिसेंबर २०१५ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर एफ. सी. गोवा हा संघ अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी ३-२ असा हरला. पुढच्या हंगामात तर आठ संघांत तो आठवा आला. घरच्या प्रेक्षकांनी मान खाली घालावी, अशी ती अवस्था!

२०१७ साली स्पेनचे सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक झाले. चेंडू आपल्याकडे राखावा व सतत चढाई करावी, ही त्यांची शिकवण. फेरान कोरोमिनास याने त्या हंगामात १८ गोल केले व संघ तिसरा आला. पुढील वर्षी तो दुसरा आला, अंतिम सामन्यापर्यंतही पोहोचला. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये जमशेदपूरला ५-० असे नमवून त्याने साखळीतील अग्रस्थान पटकावले. तळापासून शिखरापर्यंत अवघे तीन हंगाम!

हे इतक्या लवकर कसे घडले? या साखळीत शेवटच्या संघास खालच्या वर्गात ढकलीत नसत. पगारावर मर्यादा असल्याने एकाच धनिकाला सारे खेळाडू घेता येत नसत. आणि परदेशी खेळाडूंचे करार अल्पमुदतीचे असल्याने नवी निवड लवकर करता येई. परंतु केवळ नवे आणून भागले नाही. पहिल्या हंगामापासूनचा मंदार राव देसाई संघात टिकला, ही गोष्टही महत्त्वाची होय.

मात्र ज्यांनी पेरले त्या लोबेरांना कापणीपूर्वीच, जानेवारी २०२० च्या अखेरीस, निरोप मिळाला. उरलेली धुरा गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा यांनी सांभाळली. पुढे २०२१-२२ मध्ये हाच संघ नवव्या स्थानी घसरला.

तेव्हा, वाचकहो, आपल्या गावचा संघ हरला तर त्याची थट्टा करू नये, व जिंकला तर सराव सोडू नये. चढण जितकी लवकर चढता येते, तितकीच उतरणही लवकर लागते.